भांडायला उम्म सलालला

दोह्यातल्या आमच्या ओळखीच्या लोकांना वाटायचं, हे जोडपं भारी हौशी आहे बाई, दर शुक्रवारी सायकली काढून किल्ले बघायला जातं. एकदोघींनी तर मला तोंडावर सांगितलं, की नवरा असावा तर असा. मी हसून मान डोलवायची. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. आम्ही किल्ले बघायला जात नव्हतो, भांडायला जात होतो.

घरी भांडायची सोयच नव्हती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. दोह्याच्या अल हिलाल भागातलं एक बैठं घर कंपनीने दोन कुटुंबांना वाटून दिलं होतं, मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे मी, हे आणि आमची लेक. पलीकडे नागपूरकडचं एक जोडपं आणि त्यांची मुलं. स्वयंपाकघर एकच. पलीकडे कुणी कूस बदलली तरी आम्हाला कळायचं, तर आमचं भांडण त्यांना कळणार नाही होय? माणसं मात्र सोन्यासारखी. तोंडातून कधी ब्र काढला नाही. पण आदल्या दिवशी माझा आवाज चढला असला, की सकाळी त्या वहिनी ओट्यावर माझ्यापुढे एक झाकलेली वाटी सरकवायच्या. किरकोळ कुरबूर झाली असेल तर चिवडा. जोरात झालं असेल तर शिरा. एकदा बेदाणे-काजू घातलेला शिरा आला, तेव्हा मी यांना म्हटलं, "बास झालं. आजपासून या घरात एक शब्द बोलायचा नाही."

मग काय, आठवडाभर दोघं मूग गिळून. मी भांडी जरा जास्त आपटायची, हे वर्तमानपत्राची पानं जरा जास्त जोरात उलटायचे. एवढंच.

भांडणाचा विषय एकच होता. लेक दहा-अकरा वर्षांची झाली होती आणि तिच्या शाळेत तेव्हा पुढचे वर्गच नव्हते. त्या काळात हे बहुतेकांच्या नशिबी असायचं. मुलं मोठी झाली की घर दोन ठिकाणी व्हायचं. कुणी मुलांना आजोळी पाठवायचं, कुणाची बायको मुलांना घेऊन परत जायची आणि नवरा मागे बॅचलर लोकांच्या खोलीत खाट टाकायचा. आमचे हे म्हणत, लेकीला साताऱ्याला माझ्या थोरल्या भावाकडे ठेवू, तू इथेच राहा. मी म्हणे, ती जाईल तिथे मी जाणार. सगळेच परत जाऊ म्हटलं, तर ज्या कारखान्यातून हे इकडे आले तो बंद पडला होता, तिकडे नोकरी कुठली? म्हणजे एक तर लेकीपाशी आई राहील, नाहीतर नवऱ्यापाशी बायको. दोन्ही होणार नव्हतं. आणि जून काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

सायकलची कल्पना यांची. माझं माहेर पुण्याचं. शाळेला सायकल, कॉलेजला सायकल, नोकरीला सायकल. लग्न ठरल्याची बातमी मला मैत्रिणीने दिली तेव्हाही मी सायकलवरच होते आणि तशीच पुढे गेले होते. एक इंग्रज बाई दोहा सोडून निघाली होती, तिची लेडीज सायकल यांनी माझ्यासाठी आणली, पुढे वेताची बास्केट असलेली. स्वतःला एक जुनं जड धूड घेतलं. "शुक्रवारी सकाळी लवकर निघू," म्हणाले. "लांब कुठेतरी जाऊ. तिथे तुला काय बोलायचं ते मोकळेपणाने बोल." बघा, म्हणजे भांडणारी मी एकटीच! हे आपले शांतीचे पुतळे.

साडीवर पुण्यात इतकी वर्षं सायकल मारली होती, पण दोह्याच्या वाऱ्यापुढे साडीचा निभाव लागेना. मग पंजाबी ड्रेस शिवला, ओढणी डोक्याला घट्ट बांधली. लेक पलीकडच्या मुलांबरोबर रमायची, तिची काळजी नव्हती. पहाटेची बांग झाली की आम्ही निघायचो.

सपाट रस्त्यावर सायकल चालवणं सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कतारमध्ये चालवून बघावी. चढ असला की त्याच्यापुढे उतार असतो, पाय थांबतात, घाम वाळतो. इथे उतारच नाही. एकदा पाय मारायला लागलं की मारतच राहायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडीसारखी जमीन, मधेच एखादं काटेरी झुडूप, एखादी भिंत, पलीकडे काही नाही. ट्रक शेजारून गेला की तोंडात वाळू. मी तर निम्म्या वाटेवरच इतकी शिणायची, की नेमकं कशावरून भांडायचंय ते आठवायला लागायचं.

सुरुवातीला आम्ही दक्षिणेला अल वक्र्याला जात होतो. तेव्हाचं वक्रा म्हणजे कोळ्यांचं जुनं गाव. समुद्राच्या कडेने दगडमातीची घरं, काही पडकी, बरीच रिकामी. वाळूत टेकवलेल्या लाकडी लाँच, मासे पकडायचे तारेचे घुमटासारखे पिंजरे रचून ठेवलेले. छोटा किल्लाही होता. किनाऱ्यावर एका पडक्या भिंतीच्या आडोशाला आम्ही सायकली टेकवायचो, थर्मासमधला चहा प्यायचो आणि सुरू करायचो. पण तिथेही जमेना. एका शुक्रवारी मी ऐन रंगात आले असताना समोरच्या घरातून एक म्हातारा अरब बाहेर आला, आमच्याकडे बघत उभा राहिला, आत गेला आणि कॉफीचे दोन छोटे कप घेऊन आला. हाताने खूण करत होता, बसा, बसा, शांत बसा. शब्द कळत नव्हता त्याला, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं की. ती कडू कॉफी पिऊन आम्ही 'शुक्रन, शुक्रन' करत गुपचूप परत आलो. येताना वारा तोंडावर. खलास! वक्रा बंद.

मग उत्तरेला उम्म सलाल. लांब पडायचं, पण गाव शांत. खजुराच्या बागा, मातीच्या भिंती, एक जुना किल्ला आणि गावाबाहेर टेहळणीचे दोन उंच बुरूज, त्यांना बरझान म्हणतात. आमचे हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले. किल्ला म्हटला की चढताना छाती फुटली पाहिजे, असं यांचं मत. पहिल्या दिवशी उम्म सलालचा किल्ला बघून म्हणाले, "याला तट म्हणत नाहीत, कंपाऊंड म्हणतात." बुरुजांना मात्र त्यांनी मान दिला. दर वेळी पोचलं की आधी दोन्ही बुरुजांना चक्कर मारायची, भिंतीवर तळहात ठेवायचा, जाडी अजमावायची. मी थालीपिठं सोडून बसलेली. "अहो, या आधी खायला," मी ओरडायची. "खाऊन घ्या, मग भांडू."

आणि खाऊन खरोखर भांडायचो. तिथे मला कुणाची भीती नव्हती. बुरुजाच्या सावलीत बसायचं, मागे बागेची भिंत, आसपास चिटपाखरू नाही.

"तुमच्या वहिनी चांगल्या आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण त्या तिच्या आई आहेत का?"

"मी आणि दादा काकूच्याच हाताखाली वाढलो. काय बिघडलं आमचं?"

"काय बिघडलं ते मला विचारा!"

"तू गेलीस तर माझ्या जेवणाचे हाल होतील, त्याचा विचार केलास?"

"म्हणजे लेकीला परक्या घरी टाकून मी तुमच्या पोळ्या लाटत बसू? मेस लावा. इतके पुरुष खातात ते काय उपाशी मरतात?"

दर शुक्रवारी गाडी जेवणावर यायची आणि मला अंगाचा भडका उडाल्यासारखं व्हायचं. माझी किंमत काय, तर दोन वेळचा डबा. हे पोळीच्या पलीकडे जायचेच नाहीत. मी रडायची, हे बुरुजाकडे बघत बसायचे, ऊन वर आलं की सायकली उचलून परत. ठरत काहीच नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च आला, माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. शनिवारी सकाळी लेकीची वेणी मला खाली बसूनच घालावी लागायची, इतकी मी दमलेली असायची. शरीराने दमले होते की त्याच त्याच बोलण्याने, देव जाणे.

त्यात एका शुक्रवारी यांना ताप होता म्हणून गेलो नाही. पुढच्या शुक्रवारी गेलो. उत्तरेचा वारा असा, की दोनदा उतरून सायकल हातात धरून चालावं लागलं. पोचल्यावर मला भांडायचीसुद्धा ताकद नव्हती, पण एवढ्या लांब आलोय म्हणून सुरुवात केली. जेमतेम साताऱ्याच्या वहिनींपर्यंत आले असेन, तेवढ्यात बागेच्या भिंतीमागून एक माणूस आला. लुंगी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, पांढरी दाढी, हातात पाण्याचा डबा. माझ्यासमोर डबा ठेवून म्हणाला, "वयनी, पाणी घ्या आधी. घसा सुकला असेल."

मराठीत!

माझ्या हातातला कप कलंडला. इतके आठवडे मी या माणसाच्या भिंतीला पाठ टेकून माझ्या सासरचा उद्धार करत होते.

"तुम्ही मराठी?" यांनी विचारलं. तोंड बघण्यासारखं झालं होतं यांचं.

"रत्नागिरीकडचा. या बागेत पंपावर असतो."

"आणि कधीपासून ऐकताय?" मी विचारलं.

"थंडी पडली तवापासून," तो म्हणाला. अगदी साधेपणाने. "मागच्या शुक्रवारी आला नाय तुम्ही. मला वाटलं, ठरलं वाटतं. पोर गेली साताऱ्याला."

मी अशी काही भडकले म्हणता! म्हटलं, "चाचा, दुसऱ्याच्या संसारात कान घालायला लाज नाही वाटत तुम्हाला? या वयात?" हे मला 'अगं, अगं' करत होते. चाचा खाली बघत उभे राहिले.

"वाटते," म्हणाले. "पण वयनी, शुक्रवारी दुसरं काय करू? बाईमाणसाचं भांडण किती वर्सांनी ऐकलं कानांनी. आमची पण पयली लई भांडायची. भांडी आपटायची, माहेरी निघाले म्हणायची. आता दोन वर्सांनी सुट्टीवर जातो. बसायला चटई देते, हात धुवायला पाणी, गरम भाकरी, मासे. मी काय बोललो की हां म्हणते. पाव्हण्याला वाढतात ना, तसं वाढते." डोक्याचं फडकं सोडून पुन्हा गुंडाळलं. "मी निघालो की तिला बरं पण वाटत असेल. पाव्हणा गेला की वाटतं, तसं."

यांनी डबा उचलून माझ्या कपात पाणी ओतलं.

"भांडा तुम्ही," चाचा म्हणाले. "मी पंप सुरू करतो. मग मला काय ऐकू येणार नाय." आणि खरंच भिंतीमागे गेले. दोनतीन झटके देऊन पंप सुरू झाला, धडधड धडधड, जमीन हलायला लागली. आमच्यासाठी बिचाऱ्याने एवढा आवाज केला आणि आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही. मी थालीपीठ फडक्यात बांधलं, पुन्हा सोडलं. हे बुरुजाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

"काय?" मी ओरडले.

मग हे ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांचा चढलेला आवाज ऐकला.

"मला एकट्याला नाही राहता येणार! मला नाही जमणार ते!"

पंपाच्या धडधडीत हे शब्द माझ्या अंगावर आले आणि मला हुंदकाच फुटला. इतके महिने मी जेवणाशी भांडत होते! मी पण ओरडून विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत? पोळ्यांचं कशाला पुढे केलंत?" हे म्हणाले, लाज वाटली. मला हसावं की यांना मारावं ते कळेना. मी यांचा हात धरला, भर उघड्यावर, आणि म्हटलं, "थांबते मी. लेकीचं काय करायचं ते करू, पण मी थांबते."

परत येताना वारा पाठीशी होता. सायकली आपोआप पळत होत्या आणि मी दमलेली, रडून हलकी झालेली, मनातल्या मनात लेकीचे फ्रॉक बॅगेत भरत होते. लाडाची लेक, पण काय करणार, हजारो मुलं राहतात अशी, असं स्वतःला समजावत होते.

त्या आठवड्यात मी लेकीला सांगितलं. ती शहाण्यासारखी ऐकून घेत होती. रडली नाही, पाय आपटले नाहीत. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. तसं दिलं, "ओके, आई." मला वाटलं, सुटले. मग दोन दिवस ती माझ्यामागे मराठी बोलत हिंडायला लागली, अडखळत, एकेक वाक्य जुळवत. म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाली काकूसाठी प्रॅक्टिस. मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याला टेकून उभी होती. तिने विचारलं, "आई, मला रात्री बरं नसलं, तर काकूला उठवलेलं चालेल?"

मी म्हणाले, "चालेल की." पण माझं लाटणं थांबलं. माझ्या पोरीने मला कधी असं विचारलं नव्हतं. आईला उठवायला कुणी परवानगी मागतं का?

हे दारात उभे होते, नुकतेच कामावरून आलेले, बूटसुद्धा काढले नव्हते. त्यांनी ऐकलं. मी यांच्याकडे बघितलं नाही, मला बघवेना. मी शब्द दिला होता. थोड्या वेळाने हेच म्हणाले, हळू आवाजात, पलीकडे जाऊ नये इतक्या, "तू जा तिच्याबरोबर."

एवढंच. पाच महिने सायकली मारून जे ठरलं नाही ते असं ठरलं. मी म्हणायला हवं होतं, अहो पण तुम्ही? म्हटलं नाही. म्हटलं असतं तर यांनी उत्तर दिलं असतं, आणि मला ते उत्तर माहीत होतं.

मे महिन्यात आम्ही मायलेकी निघालो. साताऱ्यात दोन खोल्या घेतल्या. लेक शाळेत रुळली, महिन्याभरात अशी सातारी बोलायला लागली की मीच दचकायची. दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. सकाळी पाणी, दुपारी शिलाईचा क्लास, संध्याकाळी लेकीचा अभ्यास. माझ्यावर चिडायला कुणी नव्हतं, मला चिडवायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगते, पहिल्या वर्षाच्या शेवटी मला त्याची सवय झाली. शांततेची होते हो सवय, फार लवकर होते.

दोन वर्षांनी हे पहिल्यांदा सुट्टीवर आले. वाळले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी ताट वाढलं, भरलं वांगं केलं, गरम पोळी थेट तव्यावरून ताटात. "अजून घ्या ना." "पुरे का एवढंच?" हे म्हणाले "छान झालंय," मी म्हणाले "असू दे." तीनचार दिवस असेच गेले. मग एके सकाळी अंघोळ करून आले आणि ओला टॉवेल नव्या चादरीवर टाकून दिला. दोह्यात असं केलं असतं तर पार्टिशनपलीकडून दुसऱ्या दिवशी शिरा आला असता, काजू घातलेला. मी टॉवेल उचलला, दोरीवर वाळत घातला आणि विचारलं, "चहा टाकू?"

हे पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होते. त्या खोल्यांच्या भिंती दगडी होत्या, पलीकडे कुणी राहत नव्हतं. लेक शाळेत गेली होती.

"अगं, बोल की काहीतरी," हे म्हणाले. "मुद्दाम टाकला होता मी तो."

मी दोरीपाशी उभी होते. यांचे डोळे भरले होते आणि मला सगळं कळत होतं, काय हवंय ते, का हवंय ते. मी तोंड उघडलं. खरंच प्रयत्न केला हो. पण राग येईना.